उलटं चिकटलेलं लेबल

फोटो आला तेव्हा नागपुरात पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि मी चहाचं आधण ठेवत होतो. शिकागोजवळ ऑरोराला राहणाऱ्या माझ्या भाचीचा मेसेज होता: ‘मामा, टली मॉन्स्टर सापडला! ९९ टक्के!’ टली मॉन्स्टर म्हणजे तिकडच्या जीवाश्मांतला एक प्रसिद्ध, विचित्र प्राणी. खाली एका दगडाच्या दोन फाका. फ्लॅश मारून काढलेला फोटो, त्यामुळे निम्मा दगड पांढराफटक. उरलेल्या भागात बोटभर लांबीचा तपकिरी डाग आणि त्याला आडवी छेदणारी एक पांढरी रेघ.

मी लिहिलं, ‘फ्लॅश बंद कर, शेजारी पट्टी ठेव, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाड आणि परत काढ.’ तेवढ्यात चहा उतू गेला.

भाचीने मे महिन्यातल्या एका रविवारी गोळा केलेले ४३ गोटे, त्यातून पुढच्या सात महिन्यांत काय बाहेर पडलं, आम्ही दोघं त्याला काय समजलो आणि शेवटी काय ठरलं, याची ही नोंद. मी कॉलेजात तीस वर्षं भूविज्ञान शिकवलं. पण ते दख्खनचा काळा पाषाण आणि चंद्रपूरकडचे कोळशाचे थर एवढ्या परिघात. गोट्याच्या पोटातले जीवाश्म हा माझा प्रांत नव्हता. म्हणजे या प्रकरणात नवखी ती एकटी नाही. सगळ्यात ठळक चूक तर माझीच आहे.

गोटे कुठले?

शिकागोच्या नैऋत्येला तास-सव्वा तासावर ब्रेडवूड नावाचं गाव आहे. विसाव्या शतकात तिथे कोळशाच्या मोठ्या उघड्या खाणी होत्या. कोळशाच्या डोक्यावर फ्रान्सिस क्रीक शेल हा करड्या चिखलदगडाचा थर. कोळसा हवा तर हा थर यंत्राने उचलून बाजूला टाकायचा. त्या टाकलेल्या मालाचे डोंगर झाले, पावसाने चिखलदगड विरघळत गेला आणि त्यातले कठीण, गंजक्या रंगाचे गोटे वर आले. जवळच्या मेझॉन नावाच्या ओढ्याकाठी असे गोटे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते, म्हणून सगळ्या परिसरातल्या जीवाश्मांना ‘मेझॉन क्रीक’ हेच नाव पडलं. १९७०च्या दशकात ‘पिट ११’ ही मोठी खाण बंद झाली. तिचा बराच भाग आज अणुवीज केंद्राच्या तलावाखाली आहे. आसपासची जमीन मेझोनिया-ब्रेडवूड या नावाने राज्य सरकारकडे आहे, मासेमारीसाठी आणि शिकारीसाठी. १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात परवाना काढून तिथे जीवाश्म वेचता येतात. पुढे बदकांच्या शिकारीचा हंगाम असतो.

वय जवळपास ३१ कोटी वर्षं. सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटींचा, आपला वणी-चंद्रपूरचा कोळसाही याच्यापेक्षा धाकटा. तेव्हा इलिनॉय विषुववृत्ताच्या जवळ होतं, दलदलीचं जंगल होतं आणि नद्या गाळ आणून उथळ समुद्रात ओतत होत्या.

गोटा बनतो तो आतल्या मेलेल्या वस्तूमुळे. पान किंवा कोळंबी गाळात झटकन पुरली गेली की जिवाणू तिच्यावर काम सुरू करतात. त्यातून निघणारा कार्बन डायॉक्साइड आणि पाण्यात विरघळलेलं लोह यांचं सिडेराइट होतं, म्हणजे लोहाचं कार्बोनेट. ते चिखलाच्या कणांमधल्या फटींत बसतं आणि प्रेताभोवती एक कवच तयार होतं, वरच्या गाळाचं ओझं यायच्या आतच. म्हणून इथे हाडं नसलेले, शिंपले नसलेले, निव्वळ मऊ मांसाचे प्राणीसुद्धा ठशाच्या रूपाने टिकले. जगात अशा जागा मोजक्या आहेत.

पण एक मेख आहे. भाचीने वेचलेला गोटा त्याच्या मूळ थरातून आलेला नाही, खाणीच्या ढिगाऱ्यावरून आलेला आहे. कुठला थर, कुठली उंची, शेजारी काय होतं, सगळं यंत्राच्या फावड्याने केव्हाच कालवून टाकलंय. उरतो फक्त खाणीचा पत्ता. पण तो पत्ताही फार मोलाचा, कारण इथल्या खाणींचे दोन स्वभाव आहेत. काही ठिकाणी जवळजवळ फक्त जमिनीवरची झाडं आणि गोड्या पाण्यातले जीव. त्या समूहाला ब्रेडवूडचंच नाव आहे. दुसरा एसेक्स नावाचा समूह, तो समुद्राच्या खाऱ्या पाण्यातला, त्यात वाहून आलेली पानंही सापडतात. पिट ११ हा एसेक्सचा, आणि भाचीचे गोटे तिथलेच. त्यामुळे भाचीच्या बादलीतल्या मऊ गोळ्याला ‘बेडूक असेल का’ असं विचारायचं कारण नव्हतं, आणि ‘समुद्रातलं काही असेल का’ असं विचारायला भरपूर कारण होतं. गोट्याला ओळख द्यायची तर आधी त्याची खाण विचारावी, आकार नंतर.

हातोडा आणि फ्रीजर

पहिल्याच संध्याकाळी तिने गॅरेजमध्ये हातोडीने चार गोटे फोडले. चारही आडवेतिडवे फुटले. एकात पानाची निम्मी बाजू दिसली, उरलेली निम्मी कचऱ्याच्या डब्यामागे गेली ती आजतागायत मिळालेली नाही. गोट्यात जीवाश्म असला तर तिथे एक कमकुवत पातळी असते, सुरीने कापलेल्या पेढ्यासारखी. हातोडीला ती पातळी कळत नाही. पाण्याला कळते.

तिथले जुने संग्राहक जे करतात तेच मग तिने केलं: गोटे आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवायचे, मग फ्रीजरमध्ये टाकायचे, बर्फ झाला की बाहेर काढून वितळू द्यायचं, परत पाणी, परत फ्रीजर. फटीत शिरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि दरवेळी फट थोडी रुंद करतं. काही गोटे तिसऱ्या फेरीत उघडतात, काही पंधराव्या, काही कधीच नाही. अधूनमधून हलक्या हाताने कडेवर टकटक करून बघायचं. पोकळ आवाज आला तर समजावं की वेळ जवळ आली.

घरात अडचण एकच होती. फ्रीजर सासूबाईंचा. तिथे मटार, ओल्या नारळाचा चव आणि पुरणाचे गोळे यांच्यामध्ये आता आइस्क्रीमचे सहा डबे दगडांनी भरलेले. सासूबाई म्हणाल्या, ‘शाळिग्राम असता तर देव्हाऱ्यात ठेवला असता. हे दगड मटारांत कशाला?’

मला हा प्रश्न फार आवडला, कारण शाळिग्राम म्हणजेही गोटाच. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे ते काळे गोटे वरच्या खोऱ्यातल्या ज्युरासिक काळाच्या शेलमधून धुऊन येतात आणि त्यांतलं ‘चक्र’ म्हणजे अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचं वेटोळं. वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून आत चक्र करतो, अशी जुनी समजूत आहे. प्राणी आतमध्ये होता, एवढं त्यांनी बरोबर हेरलं होतं. कोण आधी आलं, प्राणी की दगड, तेवढाच क्रम उलटा. मी फोनवर सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग फोडायचा तर नाहीच.’ त्यांचं बरोबर होतं की नाही कुणास ठाऊक, पण फ्रीजरचा एक कप्पा मात्र मिळाला.

जीभ

जूनच्या शेवटी पहिला गोटा आपणहून उघडला. आत जिभेच्या आकाराचं एक सुटं पान, सहा सेंटीमीटर लांब, काळपट. मी फोटो पाहिला आणि तीस वर्षांच्या सवयीने बोटं चालली: ‘हे तर ग्लॉसॉप्टेरिससारखं दिसतंय!’

ग्लॉसॉप्टेरिस म्हणजे आमच्या वर्धा खोऱ्याच्या कोळशातलं पान. त्या नावातच ग्रीक जीभ आहे. पण ते झाड गोंडवन खंडाचं, म्हणजे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांचं. विषुववृत्तावरच्या इलिनॉयमध्ये त्याचं काय काम? मेसेज पाठवून अर्धा मिनिटही झाला नसेल, माझं मलाच हसू आलं. डोळा आकार पाहतो आणि मन ओळखीचं नाव काढून देतं. हा अपघात विद्यार्थ्यांना होतो असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो.

मग नीट पाहिलं. शिरा बघायच्या, म्हणजे भिंगातून आणि तिरप्या उजेडात. ग्लॉसॉप्टेरिसला मधोमध ठसठशीत शीर असते आणि बाजूच्या शिरा एकमेकींत मिसळून जाळं करतात. भाचीच्या पानात मधली शीर टोकाकडे जाता जाता विरून गेली होती आणि बाजूच्या शिरा बारीक, दाट, कमानीसारख्या वळून काठाला भिडत होत्या. जाळं कुठेच नव्हतं. तिने आणखी जवळून फोटो काढला तेव्हा पानावर बारीक आखूड रेघा दिसल्या, शिरांच्या दिशेशी न जुळणाऱ्या. ते केस. बुडाशी एक छोटं गोल पानही चिकटलेलं होतं. एवढं सगळं एकत्र आलं की मॅक्रोन्यूरॉप्टेरिस शॉयख्त्सेरी म्हणायला हरकत राहत नाही. दिसायला नेच्यासारखं असलं तरी हे झाड बीज धरणारं होतं. बीजनेचे म्हणतात तो गट. मेझॉन क्रीकमध्ये हे पान अगदी नेहमीचं, त्यामुळे भाची थोडी हिरमुसली.

तिचं मन राखायला मी तिला नावामागची गंमत सांगितली. योहान याकोब शॉयख्त्सर हा स्विस निसर्गअभ्यासक. १७२६ मध्ये त्याने एक सांगाडा जगापुढे मांडला आणि तो नोहाच्या महापुरात बुडालेल्या माणसाचा आहे असं जाहीर केलं. पुढे १८११ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हियेने हार्लेमच्या संग्रहालयात तोच दगड आणखी कोरून दाखवला: सांगाडा महाकाय सॅलमँडरचा निघाला. शिवाय आज त्या सॅलमँडरच्या नावातही शॉयख्त्सर आहे. चुकीची ओळख देऊन दोन प्रजातींत अमर झालेला माणूस. भाचीने विचारलं, ‘मग तुझं नाव कशाला देऊ, मामा?’

रिकामे

उन्हाळाभरात आणि पुढे डिसेंबरपर्यंत फ्रीजरच्या फेऱ्यांत २५ गोटे उघडले. त्यातले १४ रिकामे, नुसता करडा दगड. हे प्रमाण वाईट नाही. गॉर्डन बेअर्ड हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेझॉन क्रीकच्या अडीच लाखांहून जास्त गोट्यांची पाहणी केली होती, तिथेही रिकाम्यांचा भरणा मोठा होता.

रिकाम्यांमध्ये दोन फसवे निघाले. एकात अंड्यासारखी एकात एक बसलेली पिवळी-तपकिरी कडी होती आणि भाचीने दोन दिवस ते अंडं मानलं. ती गंजाची कडी. बाहेरून आत हवापाणी शिरताना सिडेराइट टप्प्याटप्प्याने गंजतं, त्याचे पट्टे पडतात. ओळखायची खूण सोपी: कडी गोट्याच्या बाहेरच्या आकाराला समांतर असतात. जीवाश्माला गोट्याच्या आकाराची पर्वा नसते, त्याचा आपला स्वतःचा काठ असतो. दुसरा फसवा तर गोटाच नव्हता, जळक्या शेलचा लाल तुकडा होता. कोळशाच्या ढिगाऱ्यांना आगी लागत, त्यात भाजलेली माती. हातात घेतली की हलकी लागते. सिडेराइट त्याच आकाराला जड वाटतं.

शिंपल्याचे दोन ठसे निघाले, एक देठासारखं काही निघालं, एक बहुधा विष्ठेचा गोळा. त्यांच्यावर फार वेळ घालवला नाही. देठाच्या चिठ्ठीवर तिने ‘वनस्पती, देठ’ एवढंच लिहिलं आणि मला विचारलं, ‘चालेल ना?’ चालेल काय, उत्तम. नवखा माणूस पुस्तकातल्या चित्राशी जुळवून थेट प्रजातीचं नाव लिहितो आणि मग ते खोडायला धजत नाही.

नव्व्याण्णव टक्के

आता तो पहाटेचा फोटो. ऑगस्टचा.

टली मॉन्स्टर हे मेझॉन क्रीकचं लाडकं भूत. फ्रान्सिस टली नावाच्या हौशी संग्राहकाला १९५०च्या दशकात एक विचित्र प्राणी सापडला, तो त्याने शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये नेला आणि १९६६ मध्ये तिथल्या यूजीन रिचर्डसनने त्याला टलीमॉन्स्ट्रम ग्रेगेरियम असं नाव दिलं. १९८९ पासून तो इलिनॉयचा राज्य-जीवाश्म आहे. पाणतीरासारखं अंग, पुढे लांब सोंड आणि सोंडेच्या टोकाला दात असलेला चिमटा, मागे शेपटीचे पर, आणि अंगाला आडवी दांडी, जिच्या दोन टोकांना डोळे. २०१६ मध्ये दोन गटांनी तो पाठीचा कणा असलेला प्राणी असल्याचं मांडलं, पुढच्याच वर्षी त्यावर जोरदार आक्षेप आले, २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी त्रिमितीय मोजमापं घेऊन पुन्हा कणा नसल्याच्या बाजूने कौल दिला. म्हणजे साठ वर्षांनीही तो कोण हे ठरलेलं नाही. नवखा संग्राहक मेझोनियाला जातो तो मनात याचंच चित्र घेऊन, आणि मग प्रत्येक लांबट डागाला डोळे फुटतात.

भाचीचा सगळा भरवसा त्या आडव्या पांढऱ्या रेघेवर होता. डोळ्यांची दांडी! तिने बाजूच्या उजेडात नवे फोटो पाठवले. मी एकच विचारलं: ‘रेघ डागाच्या काठाशी थांबते का?’

थांबत नव्हती. डाग ओलांडून ती करड्या दगडात दोन सेंटीमीटर पुढे गेली होती आणि गोट्याच्या काठापर्यंत पोचली होती. प्राण्याचा अवयव प्राण्याच्या बाहेर जात नाही, तडा जातो. या गोट्यांतल्या तड्यांत केओलिनाइट नावाचं पांढरं, खडूसारखं खनिज भरलेलं असतं. जीवाश्मावरही कधी त्याचाच थर बसतो आणि खालचा तपशील झाकतो. तिने टोकाला व्हिनेगरचा थेंब लावून पाहिला, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे कॅल्साइट नव्हे. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि पाण्याने डागावरची पांढरी भुकटी हळूच काढली. सुईने नाही, सुईची ओरखड दगडावर कायमची राहते.

भुकटी गेल्यावर डागाच्या मागच्या भागात खंड दिसायला लागले. एकापाठोपाठ एक, आडवे, सारख्या अंतराचे. शेवटी पंख्यासारखी पसरलेली शेपटी. टली मॉन्स्टरला असा पंखा नसतो, कोळंबीला असतो. एसेक्स समूहात सगळ्यात जास्त सापडणारी कोळंबी बेलोटेल्सन मॅजिस्टर, आणि हीही तीच असण्याची शक्यता मोठी. पण डोक्याकडचा भाग दबलेला, मिशा दिसत नव्हत्या. वहीत नोंद झाली: ‘कोळंबी, बहुधा बेलोटेल्सन.’

तिचा मेसेज आला, ‘म्हणजे शून्य टक्के.’ मी म्हटलं, ‘अगं, एकतीस कोटी वर्षांपूर्वीची कोळंबी आहे.’ तर म्हणे, ‘सासूबाई विचारतायत, सुकट का?’

सतरा नंबर

या सगळ्या काळात सतरा नंबरचा गोटा जुलैपासून दिवाणखान्यात मांडून ठेवलेला होता आणि त्याच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. कारण तो मी ओळखला होता.

कोंबडीच्या अंड्याएवढा गोटा, दोन फाका सुरेख सुटलेल्या. आत एका टोकाला गुळगुळीत गोल फुगवटा, त्याला लागून पिंपासारखा लांबट भाग, त्यावर अस्पष्ट उभ्या सुरकुत्या. मी माझ्या कपाटातलं जुनं पुस्तक काढलं, चित्र जुळवलं आणि लिहून पाठवलं: ‘एसेक्सेला ॲशेरी. जेलीफिश. गोल भाग म्हणजे छत्री, ती वर. खाली झालर लोंबते ती.’ जावई हौशी माणूस. त्याने ऑफिसच्या प्रिंटरवर सुबक लेबल छापलं, छत्री वर येईल अशा बेताने गोटा धरला आणि लेबल दगडावरच सुपरग्लूने चिकटवून टाकलं.

सप्टेंबरात भाची तिथल्या हौशी संग्राहकांच्या एका बैठकीला सगळे नमुने घेऊन गेली. तिथे बहुतेकांकडे असले गोळे खोक्याने होते. संग्राहक त्यांना नुसतं ‘ब्लॉब’ म्हणतात, म्हणजे गोळा, आणि कित्येक वर्षं लोक ते ढिगाऱ्यावरच फेकून देत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सतरा नंबर हातात घेतला, लेबल वाचलं आणि काही न बोलता दगड उलटा करून टेबलावर ठेवला. आता लेबल डोक्यावर उभं होतं. मग म्हणाले, ‘आता बघ.’

भाचीने तसाच उलटा फोटो मला पाठवला. खाली गोल बूड, वर उभं पिंप. मी बराच वेळ पाहत राहिलो. समुद्राच्या तळाशी चिखलात बूड रोवून बसलेलं समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोनी हा फुलासारखा दिसणारा प्राणी.

झालं होतं असं. १९७९ मध्ये या प्राण्याला नाव मिळालं तेव्हा तो जेलीफिश मानला गेला आणि चाळीसहून जास्त वर्षं पुस्तकांत तेच छापलं गेलं. पण छत्रीभोवती अशी बंद झालर असलेली जेलीफिश आज जिवंत नाही, ही कुरकुर शिल्लक होती. २०२३ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातले रॉय प्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी फील्ड म्युझियममधले हजारो नमुने तपासून मांडलं की आपण सगळे हा प्राणी उलटा धरून बघत होतो. छत्री म्हणजे त्याचा पाय, चिखलात रुतवून धरणारा स्नायूंचा गड्डा. झालर म्हणजे त्याचं धड. काही नमुने टवटवीत असतानाच पुरले गेले, काही तळावर सडत पडल्यानंतर, म्हणून एकच प्राणी इतक्या रूपांत दिसतो; आणि काहींच्या जवळ जी गोगलगाय सापडते ती बहुधा मेलेल्या समुद्रफुलावर ताव मारायला आलेली.

माझं पुस्तक २०२३ च्या कितीतरी आधीचं. चूक पुस्तकावर ढकलता आली असती, पण मग तिला मी जे सांगितलं ते आठवलं. मी तिला ‘गोल फुगवटा, पिंपासारखा भाग, उभ्या सुरकुत्या’ असं सांगितलंच नव्हतं. मी थेट ‘छत्री’ आणि ‘झालर’ म्हणालो होतो. त्या दोन शब्दांत वर कोणतं, खाली कोणतं, प्राणी तरंगणारा की बसणारा, सगळा निकाल आधीच लावलेला होता. तिने दगड पाहिलाच नाही, माझे शब्द पाहिले. जावयाने तर ते सुपरग्लूने पक्के केले.

यात एक गोष्ट मला अजून मजेची वाटते. नाव बदललं नाही. एसेक्सेला ॲशेरी तेव्हाही, एसेक्सेला ॲशेरी आताही. लेबलावरचं लॅटिन बरोबर, फक्त प्राणी वेगळा. वहीत नाव बरोबर असणं आणि आपल्या हातात काय आहे हे कळणं यांत एवढं अंतर असू शकतं हे माझ्या मास्तरकीच्या तीस वर्षांत इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

त्यानंतर भाचीने वही नव्याने आखली. प्रत्येक गोट्याच्या दोन्ही फाकांना क्रमांक, ठसा आणि प्रतिठसा म्हणून १७अ, १७ब. कारण अनेकदा एका फाकेत जे झाकलेलं असतं ते दुसरीत उघडं असतं. खाण, तारीख, कुणी वेचला. मग दोन रकाने. डावीकडे पेनने: काय दिसतं. तिथे डोळे, छत्री, पाय, शेपटी हे शब्द चालत नाहीत. गोल, लांबट, खंडित, गुळगुळीत, एवढे सेंटीमीटर, काठ स्पष्ट की विरलेला, हे चालतं. उजवीकडे पेन्सिलने: काय असावं, आणि कुणी म्हटलं. उजव्या रकान्यात माझं नाव आतापर्यंत पाच वेळा आलंय, त्यातलं दोनदा खोडरबराने गेलंय.

कोळंबीचा रकाना भरताना तिला डाव्या बाजूला ‘शेपटी’ लिहायचा मोह झाला. तिने ‘मागच्या टोकाला पंख्यासारखा भाग’ लिहिलं. मग ‘मागच्या’ही खोडलं.

अजून १४ गोटे उघडायचे आहेत. शिकागोत आता उणे तापमान आहे, त्यामुळे फ्रीजर सासूबाईंना परत मिळाला आणि आइस्क्रीमचे डबे बाल्कनीत गेले. दिवसा ऊन लागलं की वितळतात, रात्री गोठतात, फुकटात. परवा एक गोटा कडेने केसाएवढा फाकला. तिने हात लावला नाही, नुसता फोटो पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही.

सतरा नंबरचं लेबल निघत नाही. ॲसिटोन लावलं तर दगडावर काय होईल म्हणून ती घाबरते, आणि मीही आता छातीठोक सांगत नाही. दिवाणखान्यात समुद्रफूल बुडावर सरळ बसलंय आणि त्याचं नाव वाचायचं असेल तर पाहुण्यांना मान वाकडी करावी लागते.